परीक्षा मुलाची नको, जामिनाची घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरवड्यापूर्वी आपल्या पत्रव्यवहारात पुण्याच्या एका वाचकाचं पत्र आलं होतं. ख्रिस्ती मंडळ्यांमधली मुलं दृढीकरण उरकलं की चर्चची पायरी चढत नाहीत, त्यांना धरून ठेवायचं तर शब्बाथशाळेत (म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत) मोठा पडदा लावा, क्विझ घ्या, बक्षिसं द्या, शिकवणं इंग्रजीतून करा, असं त्यांनी सुचवलं होतं. त्यांची तळमळ खरी आहे. मागच्या बाकावर बसून पुढचे रिकामे बाक मोजणाऱ्यांतला मीही एक. पण निदान चुकलंय असं मला वाटतं, आणि गप्प बसवत नाही म्हणून लिहितो. पत्र लांबेल. कात्री आपल्या हातात आहेच.

इतर वाचकांसाठी एवढं सांगतो, की आमच्याकडे बहुतेक मुलांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच होतो. मुलाच्या वतीनं आईबाप आणि साक्षीदार कबुली देतात. मूल पंधरा-सोळा वर्षांचं झालं की तीच कबुली ते स्वतःच्या तोंडानं मंडळीसमोर देतं, बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवतात, आणि त्या दिवसापासून ते प्रभुभोजनाला बसतं. हे दृढीकरण. त्याआधी आठ रविवार वर्ग, हातात सोळा पानांची प्रश्नोत्तरी, शेवटी तोंडी परीक्षा. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, प्रेषितांचा मतांगीकार (आम्ही काय मानतो त्याची थोडक्यात कबुली). पाठ आलं की पास. मग पांढरे कपडे, फोटो, जेवण. पुढच्या रविवारी बाक रिकामा.

ती सोळा पानं मला उलटी पाठ आहेत. खरोखरच उलटी, कारण मी जुळारी, म्हणजे छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारा. १९७१ साली, सतराव्या वर्षी, नगरच्या एका छापखान्यात लागलो. (आता अहिल्यानगर म्हणायचं. जिभेला हळूहळू वळण लागतंय.) खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे आमचं वाचन आरशातलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, साखर कारखान्यांचे अहवाल आणि दर जानेवारीत मंडळीची प्रश्नोत्तरी. ती इतक्यांदा जुळवली की पुढं पुढं मूळ प्रत समोर ठेवायची गरजच राहिली नाही. असा माणूस आज छापील प्रश्नोत्तरीविरुद्ध लिहितोय, हे आमच्या जुन्या मालकांनी पाहिलं असतं तर त्यांनी माझा पगार कापला असता.

छापखान्यात मला चुलत्यांनी आणलं. मालकांनी मला एक अक्षर विचारलं नाही. चुलत्यांकडे बघून म्हणाले, ‘पोरगं वेळेवर येईल का? हात साफ आहे ना?’ चुलते म्हणाले, ‘मी आहे ना.’ झाली मुलाखत. पहिले सहा महिने स्टिकला, म्हणजे खिळे जुळवायच्या पट्टीला, हात लावू दिला नाही. छापून झालेल्या फर्म्यातले खिळे धुवायचे, पुसायचे आणि आपापल्या खणात परत टाकायचे. देवनागरीच्या केसेस म्हणजे शेकडो खण. ‘ध’ चुकून ‘घ’च्या खणात पडला की पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत धनश्रीची घनश्री होणार. अशा वेळी शिव्या मला पडायच्या, पण बोलावणं चुलत्यांना जायचं. याला आम्ही उमेदवारी म्हणायचो.

हे सगळं आठवायचं कारण वेगळंच घडलं. १९८० च्या सुमारास एका वृद्ध पाळकसाहेबांनी आरंभीच्या मंडळीवरची एक छोटी पुस्तिका छापायला आणली. ती मी जुळवली, प्रूफंही मीच वाचली. आणि चौथ्या का पाचव्या गॅलीला (प्रुफाच्या लांब कागदाला) माझा हात थांबला, कारण समोर आमच्या मालकांचीच मुलाखत होती. फक्त गाव जेरुसलेम आणि साल चौथ्या शतकातलं. तेव्हापासून या विषयावर मराठीत, इंग्रजीत जे हाताला लागलं ते वाचत आलो. शिक्षण अकरावीपर्यंत. पण प्रूफं वाचणाऱ्याला कुठल्याही विषयाचं वावडं नसतं.

इसवी सन ३८१ ते ३८४ या काळात एजेरिया नावाची एक बाई पश्चिमेकडून, बहुधा आजच्या स्पेनच्या बाजूनं, जेरुसलेमला यात्रेला गेली होती. तिथं काय काय चालतं ते तिनं आपल्याकडच्या भगिनींना लिहून कळवलं. ते लिखाण १८८४ मध्ये इटलीतल्या अरेझ्झो गावी सापडलं, तेही पहिली आणि शेवटची पानं गहाळ. (आमच्याकडे गिऱ्हाइकानं असं पुस्तक तोंडावर फेकलं असतं.) पण मधली पानं वाचली, हे आपलं नशीब. ती लिहिते, की ज्यांना ईस्टरला बाप्तिस्मा घ्यायचा ते उपवासकाळाच्या तोंडाशी नावं देत. दुसऱ्या दिवशी मोठ्या चर्चमध्ये मधोमध बिशपची खुर्ची मांडत, दोन्ही बाजूंना वडीलमंडळी बसत, आणि एकेकाला पुढं आणत. पुरुष असेल तर धर्मपिता बरोबर, बाई असेल तर धर्ममाता.

मग बिशप विचारपूस करी. उमेदवाराची नव्हे, त्याच्या शेजाऱ्यांची. हा नीट वागतो का, आईबापांना मान देतो का, दारूडा किंवा खोटारडा तर नाही ना. शेजारीपाजारी चांगलं बोलले की बिशप स्वतःच्या हातानं त्याचं नाव लिही. कुणी गंभीर तक्रार केली तर त्याला सांगत, बाहेर जा, वागणं सुधार आणि मग ये. परगावचा असेल आणि त्याला ओळखणारं कुणी नसेल, तर त्याला बाप्तिस्मा सहजी मिळत नसे.

मी ती गॅली हातात धरून बराच वेळ उभा होतो. आमची सोळा पानं मुलाला प्रश्न विचारतात. तिथं प्रश्न मुलाला नव्हतेच.

त्याच्याही दीडेकशे वर्षं आधीची एक नियमावली आहे, प्रेषितीय परंपरा या नावाची. पूर्वी ती रोमच्या हिप्पोलितसची मानत, हल्ली अभ्यासक त्यावर वाद घालतात. तिच्यात तीन वर्षांची उमेदवारी सांगितली आहे. पण लगेच पुढं असंही म्हटलंय, की कुणी मनापासून लागला असेल तर वर्षं मोजू नका, वागणूक बघा. आणि बाप्तिस्म्यासाठी निवडताना काय बघायचं? यानं विधवांना मान दिला का, आजाऱ्यांची भेट घेतली का, चांगली कामं केली का. साक्ष कुणाची, तर ज्यानं त्याला आणलं त्याची. शिकवणारा पाळक असो की साधा सभासद, धडा संपल्यावर उमेदवारांच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं प्रार्थना करायची, हेही तिथं आहे. माझ्यासारख्या शब्बाथशाळेच्या मास्तराला हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याच नियमावलीत उमेदवारांना कोणते धंदे चालणार नाहीत त्याची यादी आहे आणि तिच्यात शाळामास्तरही आहे. जमलं तर सोड, दुसरा धंदा येत नसेल तर चालू दे, अशी सवलत त्याला दिली आहे. आमच्या मंडळीत निम्मे शिक्षक. त्यांना मी हे मुद्दाम वाचून दाखवतो.

उमेदवाराला आणून त्याची साक्ष देणाऱ्या माणसाला लॅटिनमध्ये ‘स्पॉन्सर’ म्हणत. आज हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढं क्रिकेटपटूंचे शर्ट येतात. मूळ अर्थ जामीन. दुसऱ्यासाठी शब्द देणारा, तो चुकला तर ज्याला बोलावणं येणार तो. ‘मी आहे ना’ म्हणणारे माझे चुलते.

तर संपादक महाशय, मुलं का गळतात याचं माझं उत्तर एवढंच आहे: त्यांना कुणी जामीन नाही. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात साक्षीदारांची नावं असतात. ती मुंबईचे मामा आणि नाशिकच्या आत्या अशी सोयीनं घातलेली. पंधरा वर्षांनी त्या मामांना कुणी विचारायला जात नाही, की तुम्ही शब्द दिला होता त्याचं काय झालं.

आता पडदा आणि क्विझ. शब्बाथशाळेचं हे जे रूप आपण पवित्र धरून बसलोय, बाक, हजेरी, तास, बक्षीस, ते काही प्रेषितांकडून आलेलं नाही. १७८० साली इंग्लंडातल्या ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा भरवली, ती आठवडाभर कामाला जाणाऱ्या गरीब मुलांसाठी. त्यांना दुसरी शाळाच नव्हती. अक्षरओळख तिथंच व्हायची. त्या काळी ते मोठं काम होतं. आपल्याकडेही अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला आलं तेव्हा शाळा आणि मंडळी हातात हात घालून वाढल्या. माझी आजी त्या शाळांमुळेच वाचायला शिकली, हे ऋण मी नाकारत नाही. पण आजचं मूल सहा दिवस शाळेत असतं आणि संध्याकाळी क्लासला. सातव्या दिवशी आपण त्याला सातवी शाळा दाखवतो, तीही बाकीच्या सहांपेक्षा वाईट. पडदा लावला तर वाईट शाळेत वाईट सिनेमा, एवढाच फरक.

पाठांतराबद्दल मात्र माझं काहीच म्हणणं नाही. उलट हल्ली आपण पाठ करतो ते पुरेसं पाठच नसतं. जेरुसलेमचा बिशप सिरिल सुमारे ३५० साली, म्हणजे एजेरियाच्या यात्रेच्या तीसेक वर्षं आधी, उमेदवारांना शिकवायचा. त्याची ती व्याख्यानं टिकून आहेत. मतांगीकार शिकवताना तो म्हणतो, की हा कागदावर लिहू नका, मी म्हणतो तसा म्हणा आणि मनावर कोरून घ्या. कारणही देतो: सगळ्यांना शास्त्र वाचणं जमत नाही, कुणाला अक्षर येत नाही, कुणाला कामातून सवड नाही, म्हणून थोडक्यात सगळं सार या ओळींत बांधलंय. छापखान्याच्या माणसाला हे झोंबतं. आणखी गंमत म्हणजे त्या व्याख्यानांच्या हस्तलिखितात प्रास्ताविकाच्या शेवटी एक सूचना आहे. ही व्याख्यानं बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना आणि बाप्तिस्मा झालेल्यांना वाचायला द्या, इतरांना देऊ नका. नक्कल केलीत तर ही सूचनाही आधी उतरवा, देव बघतोय. आमच्या ‘सर्व हक्क स्वाधीन’पेक्षा हे केव्हाही जबरदस्त.

जेरुसलेमला मतांगीकार पाचव्या आठवड्यानंतर देत, ओळीओळीचा अर्थ सांगून. त्याआधी रोज सकाळी तीन तास शास्त्र. शेवटच्या आठवड्यात प्रत्येक जण बिशपसमोर उभा राहून तो परत म्हणून दाखवी, धर्मपिता किंवा धर्ममाता शेजारी उभी. दिलेली वस्तू परत करावी तसं. आणि बाप्तिस्म्याचा, प्रभुभोजनाचा अर्थ? तो आधी सांगतच नसत. ईस्टरच्या रात्री पाण्यात उतरून, भाकर-द्राक्षरस घेऊन झाल्यावर पुढचे आठ दिवस बिशप उलगडून सांगे, की तुमचं त्या रात्री काय झालं. एजेरिया म्हणते, ऐकणारे इतके आनंदून ओरडत की आवाज चर्चबाहेर ऐकू येई. आम्ही प्रभुभोजनाचा अर्थ आधी सात प्रश्नांत शिकवतो. भाकर हातात पडेपर्यंत मुलाचं कुतूहल मेलेलं असतं.

इंग्रजीचं काय करायचं, हा पुण्याच्या वाचकांचा प्रश्न खोटा नाही. माझीच नात. इंग्रजी शाळेत जाते, देवनागरी अडखळत वाचते. तिच्या आईनं तिला मतांगीकार रोमन लिपीत लिहून दिला होता. एक दिवस मला विचारते, ‘आजोबा, मतांगीकार म्हणजे व्होटिंग का?’ मी हसलो, मग हसू थांबलं. मत म्हणजे व्होट, हा अर्थ तिला निवडणुकीच्या भिंतींवरून आला होता. दुसरा अर्थ सांगणारं घरात कुणी नव्हतं. म्हणजे होतो मी, पण विचारीपर्यंत सांगितलं नव्हतं.

जेरुसलेमला हाच गुंता होता. बिशप ग्रीक बोले. त्याला सिरियाक येत असली तरी शिकवताना ग्रीकच. लोकांतल्या काहींना दोन्ही भाषा येत, काहींना नुसती ग्रीक, काहींना नुसती सिरियाक. म्हणून त्याच्या शेजारी एक पाळक उभा राही आणि प्रत्येक वाक्य सिरियाकमध्ये सांगे. लॅटिनवाल्यांना त्यांच्यातले दुभाषी भाऊबहीण समजावून देत. भाषा बदलली नाही, कुणाला बाहेरही बसवलं नाही. शेजारी माणूस उभा केला. माझ्या नातीला इंग्रजी वर्ग नको आहे. तिला मराठी कळणारा, तिचं इंग्रजी समजून घेणारा एक माणूस शेजारी हवा आहे. पुन्हा तोच जामीन.

चार वर्षांपूर्वी आम्हाला हे करून बघायची संधी मिळाली. तेव्हाचे पाळकसाहेब तरुण होते, त्यांना पटलं. वर्गात अकरा मुलं. आठ रविवारांऐवजी एक वर्ष. प्रत्येकाला एक जामीन, नात्याबाहेरचा. महिन्यातून दोनदा दोघांनी मिळून एका आजारी किंवा एकट्या माणसाकडे जायचं, दर वेळी त्याच माणसाकडे. मतांगीकार प्रश्नोत्तरीतून नाही, जामिनाच्या तोंडून, एका वेळी एक ओळ. वर्षाच्या शेवटी पाळकसाहेब आणि कमिटी प्रश्न विचारणार ते जामिनाला, मुलाच्या देखत. त्या वर्षी प्रश्नोत्तरीच्या दोनशे प्रती माझ्या माळ्यावर पडून राहिल्या.

पहिल्या दोन महिन्यांत कोण गळलं असेल? दोन जामीन. मोठी माणसं. एकाला ‘मीटिंगा’ होत्या, एकाला गुडघे. त्यातल्या एका मुलाला दुसरा जामीन मिळाला, दुसऱ्यानं नाद सोडला. एका कुटुंबानं मुलीला दुसऱ्या मंडळीत नेऊन आठ रविवारांत दृढीकरण करून आणलं, पेढेही वाटले.

एक जोडी मात्र मी जवळून पाहिली. दहावीतला एक मुलगा आणि एस.टी.तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर. ते जात एका ऐंशीच्या बाईंकडे. बाई एकट्या, दृष्टी अधू, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या. मी एकदा बरोबर गेलो. ड्रायव्हर खुर्चीत बसले, मुलगा सरळ फडताळाकडे गेला, सात खणांची प्लास्टिकची डबी काढली आणि खाली बसून एकेका वाराच्या खणात गोळ्या टाकू लागला. पांढरी सकाळची, गुलाबी रात्रीची. बुधवारच्या खणात दोन पांढऱ्या पडल्या, त्यानं त्या स्वतःच हेरल्या आणि एक काढली. बाई बोटांनी चाचपून प्रत्येक खण तपासत होत्या. मला माझी खिळ्यांची केस आठवली. कुणी काही बोलत नव्हतं. मग बाई म्हणाल्या, ‘म्हण रे आता,’ आणि त्यानं मतांगीकाराच्या त्या दिवसापर्यंतच्या ओळी म्हटल्या. एका शब्दाला अडखळला, तो बाईंनी पुरवला. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. तरी मतांगीकार पाठ होता आणि ‘उपासना संगीता’तली कितीतरी गीतंही. हे शिक्षण झालं की नाही ते पुण्याच्या वाचकांनी ठरवावं.

वर्ष संपलं. कमिटीपुढं ड्रायव्हरना विचारलं, हा आजाऱ्याकडे जातो का? म्हणाले, ‘जातो. पहिले दोन महिने मोबाइल बघत बसायचा. आता गोळ्या तोच भरतो, मला हात लावू देत नाही.’ आणखी काही? ते घुटमळले. मग म्हणाले, ‘दोनदा येतो म्हणाला आणि आला नाही. आईला सांगितलं माझ्याकडे होता, मला सांगितलं आईबरोबर होतो. हे त्याच्या तोंडावर सांगतोय, मागं नाही.’ मुलाची आई ताडकन उठली. लेकराची अब्रू घ्यायला बोलावलं का, म्हणाली. खोलीत पंखा तेवढा फिरत होता. पाळकसाहेबांनी मुलाला विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, ‘पुढच्या वर्षी.’ ड्रायव्हर म्हणाले, ‘मग मीपण पुढच्या वर्षी.’ आणि दोघं आणखी एक वर्ष त्या बाईंकडे जात राहिले.

त्या खेपेला दृढीकरण आठ जणांचं झालं. आज त्यातले पाच नेमानं येतात. त्याच्या आधीच्या, आठ रविवारवाल्या तुकडीतल्या नऊपैकी एक येतो. एवढ्याशा आकड्यांवरून कुणी सिद्धांत मांडू नये, मीही मांडत नाही. पण आकडे आहेत ते आहेत.

मग पाळकसाहेबांची बदली झाली. नव्या कमिटीनं ठरवलं की लोकांना वेळ नाही, पहिली पद्धतच बरी. माझ्या माळ्यावरच्या दोनशे प्रती खपल्या.

जुन्या मंडळीत सगळं सोनं होतं असं माझं म्हणणं नाही. उमेदवारी इतकी सोयीची वाटू लागली, की लोक बाप्तिस्मा आयुष्यभर पुढं ढकलू लागले. सम्राट कॉन्स्टंटाईननं तो घेतला ३३७ मध्ये, मरणाच्या दारात. पुढं मोठा धर्मपंडित झालेला ऑगस्टीन लहानपणापासून उमेदवारांत गणला गेला आणि बाप्तिस्मा झाला ३८७ साली, बत्तिसाव्या वर्षी. सिरिललाही ठाऊक होतं की समोर बसलेल्यांत कुणी एखाद्या बाईवर नजर ठेवून आलाय, कुणी मालकाला खूश करायला, कुणी मित्राच्या भिडेनं. तो त्यांना हाकलत नाही. आमिषानं का होईना आलास ना, आता गळाला लागलास तर लागू दे, अशा अर्थाचं बोलतो. शेजाऱ्यांना विचारण्यातही धोका आहे. छोट्या मंडळीत चौकशीची चुगली व्हायला वेळ लागत नाही. म्हणून आम्ही फक्त जामिनाला विचारलं, तेही मुलाच्या समोर. रोज तीन तास तर कुणीच मागत नाही. एम.आय.डी.सी.त पाळ्या करणाऱ्या माणसाला महिन्याचे दोन शनिवार काढणंही जड जातं, हे मला कळतं. आमचे ड्रायव्हर निवृत्त होते, हा मुद्दा विरोधकांनी बरोबर पकडला होता.

कॅथलिक बांधवांनी प्रौढांसाठीची ही टप्प्याटप्प्यांची उमेदवारी १९७२ मध्ये पुन्हा रीतसर सुरू केली, म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही. आणि आपल्या मातीतलंच बघायचं तर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ सुरू केला तेव्हा त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले एकत्र बसत. संगत आधी, रजिस्टर मग.

शिकवणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. साधारण ४०० साली कार्थेजच्या देओग्राशियस नावाच्या एका डीकननं (पाळकाच्या खालच्या पायरीवरच्या चर्चसेवकानं) ऑगस्टीनकडे गाऱ्हाणं केलं, की नवख्यांना तेच तेच शिकवून मलाच कंटाळा येतो, ऐकणारे तर पेंगतात. ऑगस्टीननं त्याला अख्खं पुस्तक लिहून उत्तर दिलं. त्यातलं एक मला कायमचं लागलंय. आपण हजारदा पाहिलेली जागा पहिल्यांदा बघणाऱ्या मित्राला दाखवतो तेव्हा त्याच्या आनंदानं ती आपल्यालाही नवी होते. नगरकरांना हे वेगळं सांगायला नको. चांदबीबीच्या महालावर आम्ही स्वतः होऊन कधी जातो? पाहुणा आला की जातो, आणि वर गेल्यावर त्याच्याआधी आपणच म्हणतो, ‘बघा, काय वारा आहे!’ ऐकणारा दमला असेल तर त्याला बसायला द्या, हेही ऑगस्टीन सांगतो. तीस मुलांच्या वर्गात हे जमत नाही. एका मुलाबरोबर जमतं.

यंदाच्या प्रश्नोत्तरीची प्रूफं परवा माझ्याकडे आली. आता सगळं डीटीपीवर होतं, पण शेवटची नजर अजून माझीच लागते. दुसऱ्या पानावर मुलाचं नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, पालकांची सही असे रकाने आहेत. त्याखाली दोन ओळींची जागा मोकळी होती. मी लाल पेनानं तिथं ‘जामिनाचं नाव व सही’ असं लिहून पुढं रेघ ओढली आणि प्रूफ परत पाठवलं. कमिटीकडून अजून काही आलेलं नाही.

आपला,
एक जुना जुळारी
अहिल्यानगर